वर किती?

केरबामामा झाडावरून खाली उतरलेच नाहीत.

हे एकदा सांगून टाकलं. आता विसरा.

कारण तसं काही झालेलंच नाही. मामा सुखरूप आहेत. त्या शुक्रवारी ते झाडाखाली माझ्या शेजारी उभे होते. रविवारी विमानात बसले. सोमवारी गावात पोचले. दोहाच्या विमानतळावर मीच त्यांना सोडलं. बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून दूध पावडरचे दोन डबे काढून माझ्या हातात दिले. ते डबे अजून माझ्या खाटेखाली आहेत.

ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी येऊन डबे बघावेत.

तारीख, मागच्या जानेवारीतला दुसरा शुक्रवार. जागा, अल खोरच्या पश्चिमेला हायवे सोडून सात-आठ किलोमीटर आत, एका अरबाचा मजरा. मजरा म्हणजे शेत. वेळ पहाटे साडेपाच. अशा गोष्टी रात्री बारा वाजता होतात असं मी पण वाचलंय. आमच्या वाट्याला मॉर्निंग शिफ्ट आली.

मी बाबू. नांदेड जिल्ह्यातला. कतारमध्ये माझं काम लटकायचं.

म्हणजे टाक्या, चिमण्या, उंच भिंती, जिथं परांची बांधता येत नाही तिथं आम्हाला दोरावर सोडतात. रंग मारायचा, बोल्ट आवळायचे, खाली यायचं. मला इथं आणलं मामांनी. आईचे सख्खे भाऊ. सतरा वर्षं इथं काढली. आमच्या गँगचे चार्जहँड. चार्जहँड म्हणजे फोरमनच्या शिव्या खालपर्यंत पोचवणारा माणूस.

आता एक नियम सांगतो. तो नीट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आमच्याकडं कामाच्या जागी एक फळा असतो. वर जाताना प्रत्येकानं आपला टॅग त्या फळ्यावर अडकवायचा. फोटो, नाव, नंबर. खाली आलं की आपला टॅग आपल्याच हातानं काढायचा. दुसऱ्याच्या टॅगला हात लावायचा नाही. घाई असो, पाऊस असो, सख्खा भाऊ असो. ज्याचा टॅग, त्याचाच हात.

फळा रिकामा म्हणजे वर कोणी नाही. मग बस सुटते.

तीन वर्षांपूर्वी एका धुक्याच्या दिवशी फळा रिकामा होता. बस सुटली.

आणि बालाजी वर होता.

बालाजी आमच्याच गावचा. मामांच्या घरापासून तिसरं घर. त्याचा पाय सटकला आणि कमरेच्या सेफ्टी पट्ट्यानं त्याला धरलं. पट्टा धरतोच. पण माणूस पट्ट्यात न हलता लटकत राहिला की पायातलं रक्त पायातच बसतं. वीस मिनिटं, अर्धा तास. लोकांना वाटतं आम्ही पडून मरतो. आम्ही न पडताही मरतो.

रात्री मेसमध्ये एक ताट उरलं, तेव्हा कळलं.

रिपोर्टमध्ये आलं की बालाजीनं स्वतःच टॅग काढला आणि काहीतरी विसरलं म्हणून कोणाला न सांगता परत वर गेला. मामांनी तसं सांगितलं. ऑफिसात तसं टाईप झालं. खलास.

त्याची बायको लक्ष्मीबाई मात्र ऐकेना. तिचं म्हणणं एकच होतं, माझा माणूस असं करणार नाही. आणि खरं सांगू का, आम्हालाही ते पटत नव्हतं. बालाजी नियमाला इतका पक्का की त्यानं स्वतःचा एक जास्तीचा नियम काढला होता. दोरावरून खाली उतरला की उजव्या टाचेनं जमिनीवर दोनदा ठोकायचा.

टक टक.

आणि म्हणायचा, "आहे."

म्हणजे जमीन आहे. दिवसात सहा वेळा उतरला तर सहा वेळा. सुरुवातीला आम्ही हसायचो. नंतर सवय झाली. त्यानं ठोकलं नाही तर आम्हालाच अधांतरी वाटायचं.

आई गावाकडून फोन करायची तेव्हा लक्ष्मीबाई शेजारी येऊन बसायची. मामांना एकच विचारायची, टॅग कोणी काढला. मामा म्हणायचे, त्यानंच. ती म्हणायची, मग गावात या आणि माझ्याकडं बघून सांगा.

आता मामा गावात चालले होते. कायमचे. रविवारचं तिकीट होतं.

रोज रात्री ते बॅग भरायचे आणि परत उपसायचे. मला वाटायचं वजनाची काळजी असेल. पण वजनकाटा कोपऱ्यात पडून असायचा. त्यांना काळजी तिसऱ्या घराच्या दाराची होती.

बालाजी गेल्यावर मामांनी अजून एक नियम सुरू केला. कंपनीचा नाही, त्यांचा स्वतःचा. खाली उभ्या माणसानं दर दहा मिनिटांनी वर ओरडायचं, "वर किती?" वरच्यांनी एकेक करून आकडा द्यायचा. एक. दोन. तीन. जेवढे टॅग तेवढे आकडे. बाकीच्या गँगा आम्हाला हसायच्या, शाळा भरली म्हणायच्या.

आता लॉयड.

लॉयड वसईचा. आमच्याच कंपनीच्या ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे रिपोर्ट टाईप करून फायलीला लावणारा. अल वक्राला बायको मेलिसा आणि दोन मुलांबरोबर राहतो. त्याला तिरंदाजीचा नाद. क्लबात जाऊन वर्तुळावर बाण मारायचा तोवर ठीक होतं. मग त्यानं अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघितले. ते लोक पहाटे अंधारात झाडावर चढतात. कमरेखाली एक रुंद पट्टा, पट्ट्याचा दोर झाडाला, पायाखाली पाटाएवढी फळी. झाडाकडं तोंड करून मागं रेलतात आणि तासन् तास तसेच लटकतात. हरीण आलं की बाण सोडतात. त्या पट्ट्याला ट्री सॅडल म्हणतात.

लॉयडनं एक मागवली.

कतारमध्ये त्याला मारायला हरीण नव्हतं. असतं तरी परवानगी नव्हती. चढायला झाडही फारसं नव्हतं. शिवाय त्याला उंचीची भीती वाटायची.

बाकी तयारी पूर्ण होती.

हरीण त्यानं फोमचं मागवलं. खऱ्या मापाचं, शिंगांसकट. मेलिसानं ते एक रात्र हॉलमध्ये राहू दिलं. पहाटे ती पाणी प्यायला उठली. त्यानंतर हरीण कायमचं गाडीत राहायला गेलं. झाड ओळखीतून मिळालं, मजऱ्यावरचा राखणदार इब्राहीम लॉयडला ओळखायचा. आणि उंचीच्या भीतीवर उपाय म्हणून लॉयडनं आम्हाला बोलावलं.

मामांनी सॅडल हातात घेतली. शिलाई बघितली, दोर ओढला, कड्या वाजवल्या. म्हणाले, "आपण हे पोटासाठी करतो. हा हौसेसाठी करतो."

मामा तिला झोळी म्हणायचे.

मला वाटलं नाही म्हणतील. दोन दिवसांवर विमान होतं. पण ते तयार झाले. म्हणाले, झोप तशीही लागत नाही.

शुक्रवारी पहाटे लॉयड आम्हाला घ्यायला आमच्या कामगार कॅम्पवर आला. हरीण पुढच्या सीटवर होतं. बेल्ट लावून. नाहीतर गाडी टूं टूं करत राहते म्हणे. मी आणि मामा मागं बसलो. चेकपोस्टसारखं काही लागलं असतं तर काय सांगायचं याचा मी रस्ताभर विचार केला. पण धुकं एवढं होतं की कोणाला हरीण दिसलं असतं तरी त्यानं स्वतःलाच दोष दिला असता.

मजऱ्यावर पोचलो. बोअरचा पंप धडधडत होता. इब्राहीम कानटोपी घालून बाहेर आला. बांगलादेशचा, वयानं मामांएवढा, सगळ्यांशी हिंदीत बोलणारा. त्यानं थर्मासमधून करक, म्हणजे इथला घट्ट दुधाचा चहा, ओतला.

चार कप.

आम्ही तीन. तो स्वतः घेत नव्हता.

मी गाडीकडं बघितलं. म्हटलं, हरणाला धरलं असेल.

मामांनी चौथ्या कपाकडं बघितलं. तो कप तसाच फळीवर वाफाळत राहिला...

झाड सिद्रचं होतं. सिद्र म्हणजे आपली बोर. पण आपल्या बांधावरची बोर कुठं आणि ही कुठं. दोन मजली. काटे मात्र तेच.

मामांनी पिशवीतून एक प्लायवूडचा तुकडा काढला. त्याला चार खिळे. सतरा वर्षांची सवय, झाडाखाली पण फळा लागलाच. तारेनं बुंध्याला बांधला आणि पहिला त्यांनी स्वतःचा टॅग अडकवला.

लॉयडकडं टॅग नव्हता. ऑफिसवाल्यांना टॅग नसतो, पार्किंग असतं.

तो म्हणाला, "केरबाभाऊ, जाऊ दे ना. झाडच आहे."

मामा म्हणाले, "टॅगशिवाय वर कोणी जात नाही."

पिशवीच्या बाजूच्या खणात त्यांनी हात घातला. बराच वेळ चाचपडले. एक टॅग काढला आणि न बघता लॉयडच्या हातात दिला. जास्तीचा आहे म्हणाले. मी मोबाईलची टॉर्च दोराच्या गाठीवर धरली होती. टॅगवर कोणीच धरली नाही.

लॉयडनं तो दुसऱ्या खिळ्याला अडकवला.

बुंध्याला पट्ट्यांनी आवळायच्या छोट्या शिड्या होत्या. एकावर एक चार. लॉयडला पंधरा फूट चढायला वीस मिनिटं लागली. वर जाऊन त्यानं झाडाला मिठी मारली. मागं रेलायचं असतं हे त्याला व्हिडिओवरून माहीत होतं. त्याच्या हातांना माहीत नव्हतं.

मग मामा चढले. झाडाच्या दुसऱ्या अंगानं, आपला कामाचा पट्टा आणि दोर घेऊन. पन्नाशीच्या पुढचा माणूस, पण तीन मिनिटांत वर. धुक्यात आधी त्यांचं डोकं गेलं, मग कंबर, मग बूट.

मी खाली एकटा. समोर वीस पावलांवर हरीण उभं केलेलं. थोड्या वेळानं तेही धुक्यात गेलं.

मी ओरडलो, "वर किती?"

"एक," लॉयड म्हणाला. आवाज कापरा.

"दोन," मामा म्हणाले.

बरोबर. दोन टॅग, दोन आकडे.

वरून मामांचं बोलणं ऐकू येत होतं. कंबर सोड, दोरावर विश्वास ठेव, झोळीत बस. हळूहळू लॉयडला जमलं असावं, कारण तो एकदम गप्प झाला आणि मग धनुष्याची दोरी ताणल्याचा बारीक आवाज आला. त्यानं बाण सोडला.

सूंऽऽ...

आणि पुढं काहीच नाही.

ठप्प नाही. वाळूत घुसल्याचा आवाज नाही. कुठं लागल्याचाच आवाज नाही.

"लागला का?" लॉयडनं विचारलं.

"आवाज नाही आला," मी म्हटलं.

"वाळूत गेला असेल."

वाळूत गेला तरी आवाज येतो. पण मी वाद घातला नाही. कारण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की पंप पण बंद झालाय. कधी झाला कळलं नाही. पानांवरून धुक्याचे थेंब पडत होते. मला दिसत होते... पण त्यांचा आवाज येत नव्हता.

दहा मिनिटं झाली.

"वर किती?"

"एक."

"दोन."

...

"तीन."

मी हसलो. मला वाटलं लॉयडला कंठ फुटला.

पण वरून लॉयडच म्हणाला, "केरबाभाऊ, डोन्ट डू दॅट. प्लीज."



मी दहा मिनिटं थांबलो नाही. लगेच परत विचारलं.

"एक," लॉयड. जवळजवळ रडत.

"दोन," मामा. खूप हळू.

"तीन."

तो आवाज दोघांच्याही वरून आला. आणि दोघांच्या वर ज्या फांद्या होत्या त्या माझ्या अंगठ्याएवढ्या होत्या.

मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मी फळ्याकडं बघितलं. दोनच टॅग. मामांचा ओळखीचा. दुसऱ्यावर धुक्याचं पाणी साचलं होतं. मी टॅगला हात न लावता बाहीनं नुसतं पाणी टिपलं आणि टॉर्च धरली.

फोटो उडाला होता. नाव शाबूत होतं.

बालाजी.

मी ते दोनदा वाचलं. मग बाकीचं आपोआप कळत गेलं. बालाजीनं स्वतः टॅग काढला असता तर तो बालाजीच्या खिशात सापडला असता. तो मामांच्या पिशवीत होता. तीन वर्षं, बाजूच्या खणात.

लक्ष्मीबाईच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर खिळ्याला लटकत होतं.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. ती त्याहून साधी होती. फळ्यावर टॅग आहे म्हणजे माणूस वर आहे. नियमाप्रमाणे सगळं बरोबर चाललं होतं. जास्तीचा कोणी असेल तर तो लॉयड.

मी लॉयडला उतरायला सांगितलं. तो झोळीच्या कड्या सोडून, झोळी तशीच वर ठेवून, नुसत्या शिडीनं उतरला. चढायला वीस मिनिटं लावणारा माणूस अर्ध्या मिनिटात खाली. गुडघे सोललेले, शर्टात काटे.

"झाड हलत नव्हतं," तो म्हणाला. "दोर हलत होता. माझा दोर. माझ्या वर."

मग त्याची नजर टॉर्चच्या उजेडात टॅगवर गेली.

"हे नाव मी टाईप केलंय," तो म्हणाला.

त्यानं टॅग काढायला हात पुढं केला. मी त्याचं मनगट धरलं.

"तुझा नाही तो."

लॉयड गाडीत जाऊन बसला. चारही दारं लॉक झाल्याचा आवाज आला. तेवढा मात्र आला.

आता वर एकटे मामा. मी वर तोंड करून विचारलं. माझा आवाज मलाच लहान मुलासारखा वाटला.

"वर किती?"

"एक," मामा म्हणाले.

...

"दोन."

"मामा, उतरा," मी म्हटलं. "आत्ता उतरा."

"थांब, बाबू."

मग ते बोलायला लागले. माझ्याशी नाही. आवाज वरच्या दिशेला होता, आणि ते अगदी समोर बसलेल्या माणसाशी बोलतात तसं बोलत होते.

"बस हॉर्न वाजवत होती, बालाजी. धुक्यात काही दिसत नव्हतं. मला वाटलं तू बसमध्ये जाऊन बसलास. मी सगळ्यांचे टॅग एका हातानं ओढले. तुझा पण."

वर काहीच हललं नाही.

"मी काढला. आणि सगळ्यांना सांगितलं की तू काढलास. तुझ्या बायकोला पण मीच सांगितलं." नाक ओढल्याचा आवाज आला. "तिच्यासमोर जायला मला पाय नाहीत रे. तू उतर आता. लई वेळ झाला. उतर."



मग... कडी उघडल्याचा आवाज. क्लिक.

शिडीवर पाय पडला. मग दुसरा. वरची शिडी हलली, मग तिच्या खालची. मी टॉर्च सगळ्यात खालच्या पायरीवर धरली.

पायरी वाकली.

तिच्यावर बूट नव्हता. काहीच नव्हतं. ती वाकली आणि सरळ झाली.

टक टक.

"आहे."

मी वळलो. मामा माझ्या शेजारी उभे होते.

पट्टा अंगावर, हातमोजे हातात. मी नखशिखांत ओला होतो, माझ्या भुवयांवरून पाणी गळत होतं. मामा कोरडे होते. एक थेंब नाही.

त्यांनी फळ्यावरून एक टॅग काढला, खिशात टाकला आणि म्हणाले, "चल बाबू. बस लागली असेल."

आम्ही बसनं आलो नव्हतो.

ते गाडीच्या दिशेनं चालायला लागले. पंप सुरू झाला. थेंब वाजायला लागले. मी फळ्याकडं बघितलं. एक टॅग उरला होता. मला बघायचं नव्हतं, पण फळा बघितल्याशिवाय जागा सोडायची नाही हे मामांनीच शिकवलेलं.

केरबा. मामांचा फोटो. मामांचा नंबर.

टॅग आहे तोवर विचारायचं, असा नियम. म्हणून मी विचारलं. हळूच. मामांना ऐकू जाणार नाही असं.

"वर किती?"

"एक."

आवाज ओळखीचा होता. मी सहा वर्षं रोज ऐकलेला.

पुढं चालणारे मामा वळले नाहीत.

सातच्या सुमाराला ऊन आलं आणि धुकं एकदम फाटलं. वर लॉयडची झोळी दिसली. रिकामी. पण रिकामा पट्टा लोंबतो. ही लोंबत नव्हती. दोर ताठ, बुडाशी पट्टा गोल फुगलेला, कोणीतरी नीट मागं रेलून बसल्यासारखा. शेजारच्या फांदीला लॉयडचा बाण होता. सुतळीनं बांधलेला. वर नेलेली कुठलीही वस्तू खाली पडू नये म्हणून बांधून ठेवायची असते. तो पण आमचाच नियम.

लॉयडनं झोळी परत मागितली नाही. हरीण पण तिथंच राहिलं. इब्राहीमनं कप गोळा केले. चौथा रिकामा होता.

रविवारी मामांना विमानतळावर सोडलं, ते वर सांगितलंच. सुखरूप गेले. बॅग एका झटक्यात बंद केली, परत उपसली नाही. आदल्या दोन्ही रात्री गाढ झोपले. मला उलट बरं वाटायला पाहिजे होतं.

सोमवारी आईचा फोन आला. हसतच सांगत होती. म्हणाली, तुझा मामा जीपमधून उतरला आणि काय केलं माहीत आहे का, टाचेनं दोनदा जमिनीवर ठोकलं आणि आहे म्हणाला. सगळी हसली. मग तो स्वतःच्या घरी गेलाच नाही. सरळ तिसऱ्या घरी गेला.

लक्ष्मीबाई दारात उभीच होती. तिनं विचारलं, टॅग कोणी काढला.

मामांनी तिच्या डोळ्याला डोळा भिडवला. सगळ्यांच्या देखत सांगितलं.

"टॅग केरबानं काढला."

आई म्हणाली, लक्ष्मीबाई रडली नाही की ओरडली नाही. कितीतरी वेळ मामांच्या पायांकडं बघत राहिली. मग दारातून बाजूला झाली आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"स्वतःचंच नाव असं परक्यासारखं काय घ्यायचं रे?" आईनं मला विचारलं.

मी म्हटलं, प्रवासाचा थकवा असेल.

तर असं सगळं नीट झालं. मामा गावात आहेत. मी पाच शुक्रवार मजऱ्यावर जाऊन आलोय. पाचही वेळा खाली उभं राहून विचारलं, पाचही वेळा आकडा आला. शेवटच्या वेळी जरा दमलेला वाटला. इब्राहीम मला फोन करून विचारतो, तुमचा माणूस कधी उतरणार. तो रोज सकाळी झाडाखाली चहाचा कप ठेवतो. मामांना साखर जास्त लागते हे मी त्याला सांगून ठेवलंय.

टॅगला मी हात लावलेला नाही. लावणार पण नाही. एकदा कोणीतरी लावला होता, त्याचं काय झालं ते सांगून झालंय.

शेवटी मी अर्ज केला. नक्कल खाली देतोय.

प्रति,
सुरक्षा विभाग.

विषय : झाडावरील इसमास खाली उतरवण्याबाबत.

महोदय,

सदर इसम केरबा हे जानेवारीच्या दुसऱ्या शुक्रवारपासून अल खोरच्या पश्चिमेकडील सिद्रच्या झाडावर कामाच्या पट्ट्यात आहेत. त्यांचा टॅग फळ्यावर आहे व विचारणा केल्यास ते आकडा देतात. सदर इसम गावी पोचल्याची नोंद आपल्याकडे असल्यास ती चुकीची समजावी. नियमानुसार टॅग काढण्याचा अधिकार फक्त त्यांचा आहे, आणि त्यासाठी त्यांना खाली यावे लागेल. ते कसे येतील हे अर्जदारास माहीत नाही.

तरी ते स्वतः उतरून, स्वतःच्या हाताने टॅग काढेपर्यंत बस थांबवून धरावी, ही नम्र विनंती.